वाचकांचे प्रश्न : फंक्शन पुन्हा पुन्हा घडवल्याने प्रोग्राम रखडतो का?

लूपच्या आत किंवा दुसऱ्या फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिले की प्रोग्राम मंदावतो, असे शिकवणी वर्गांपासून नोकरीच्या मुलाखतींपर्यंत सर्रास सांगितले जाते. या वेळी आलेली बरीच पत्रे त्याच शंकेभोवती फिरणारी आहेत. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण रोग शोधायचा कसा, हे त्या एका उदाहरणावरून नीट दाखवता येते.

प्रश्न : मी कृषी हवामानाची अभ्यासक आहे. साठ पर्जन्यमापक केंद्रांच्या रोजच्या पावसाच्या नोंदींवरून जमिनीतील ओलाव्याचा ताळेबंद मांडणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आहे. एका केंद्राचे सगळे काम करणारे एक मोठे फंक्शन आहे आणि त्याच्या आत, दिवसामागून दिवस ओलावा मोजत जाणारे एक छोटे फंक्शन आहे. त्या केंद्राच्या मातीची जलधारण क्षमता आतल्या फंक्शनला बाहेरून आपोआप मिळावी, म्हणून ते आत ठेवले. वेग वाढावा म्हणून त्यावर नंबा या कोड वेगवान करणाऱ्या लायब्ररीचा एनजिट हा डेकोरेटरही (फंक्शनला जोडून त्याचे वागणे बदलणारी खूण) लावला. तरीही प्रत्येक केंद्राला सुमारे चार सेकंद लागतात. नवल असे की, तीस वर्षांच्या नोंदी असलेल्या केंद्राला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच एका वर्षाच्या नोंदी असलेल्या केंद्रालाही लागतो. नवा, अधिक वेगवान संगणक घेऊनही फारसा फरक पडला नाही. आतले फंक्शन साठ वेळा डिफाइन होते म्हणून असे होते, असे सहकारी म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी बोट ठेवले ती जागा बरोबर आहे, कारण मात्र त्यांनी सांगितले त्याहून वेगळे आहे. कारण चुकीचे समजले तर आज केलेली दुरुस्ती उद्या दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही, म्हणून या दोन गोष्टी आधी सुट्या करू.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य नोंदींच्या वर्षांबद्दलचे आहे. तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे सुमारे ११,००० दिवस आणि एका वर्षाच्या म्हणजे ३६५. काम तीसपट होऊनही वेळ तेवढाच राहतो, याचा अर्थ तो वेळ ओलावा मोजण्यात जातच नाही. नोंदी किती आहेत याच्याशी ज्याचा संबंध नाही, पण प्रत्येक केंद्रामागे जे एकदा होतेच होते, अशा कुठल्यातरी कामात तो जातो. प्रोग्राम मंद आहे असे वाटले की पहिली चाचणी हीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन : दिलेली माहिती निम्मी करा, दुप्पट करा आणि वेळ कसा बदलतो ते पाहा. वेळही त्याच प्रमाणात बदलला तर दोष मोजणीच्या पद्धतीत शोधावा. वेळ हललाच नाही तर दोष मोजणी सुरू होण्याआधीच्या तयारीत शोधावा. या चाचणीला कुठलेही साधन लागत नाही आणि निम्मे संशयित तिच्यातच बाद होतात.

आता फंक्शन डिफाइन होणे म्हणजे काय, ते पाहू. पायथनमध्ये डेफ, म्हणजे फंक्शनची सुरुवात करणारा शब्द, ही नुसती घोषणा नाही. ते चालवले जाणारे विधान आहे. प्रोग्रामचा प्रवाह त्या ओळीवर जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ते चालते आणि दर वेळी एक नवे फंक्शन तयार होते. इथपर्यंत आपल्या सहकाऱ्यांचे बरोबर आहे. पण फंक्शनच्या मजकुराचे बाइटकोडमध्ये, म्हणजे पायथनला चालवता येणाऱ्या सूचनांमध्ये, रूपांतर करण्याचे खरे जड काम तेव्हा होत नाही. ते संपूर्ण फाइल वाचली जाते त्या वेळीच, एकदा, होऊन गेलेले असते, आणि त्यात आतल्या फंक्शनचाही बाइटकोड तयार होऊन बाहेरच्या फंक्शनच्या स्थिरांकांमध्ये जाऊन बसलेला असतो. डेफ चालताना पायथन फक्त एक छोटी वस्तू घडवते : तयार बाइटकोडकडे बोट दाखवणारी, आर्ग्युमेंटच्या, म्हणजे फंक्शनला पुरवायच्या माहितीच्या, न दिल्यास धरायच्या ठरावीक किमती सांभाळणारी आणि बाहेरच्या फंक्शनातील व्हेरिएबल जवळ ठेवणारी.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. पायथनसोबतच येणाऱ्या डिस या मॉड्यूलला आपले बाहेरचे फंक्शन द्या. डेकोरेटर तात्पुरता काढलात, तर आतल्या डेफच्या जागी आपल्याला मोजक्याच सूचना दिसतील : लोड कॉन्स्ट, म्हणजे तयार बाइटकोड उचलणे, मेक फंक्शन, म्हणजे त्याभोवती वस्तू घडवणे, आणि स्टोअर फास्ट, म्हणजे तिला नाव देऊन ठेवणे. व्हेरिएबल बाहेरून घेतले असेल तर त्याची एकदोन सूचनांची भर पडते, एवढेच. त्यात पुन्हा कंपाइल करण्याचे नाव नाही. एवढ्याला लागतो किती वेळ, ते टाइमइट मॉड्यूलने मोजता येते. आजच्या साध्या संगणकावर तो साधारण १०० नॅनोसेकंदांच्या आतबाहेर भरतो. म्हणजे लाखभर वेळा फंक्शन घडवले तरी सेकंदाचा शंभरावा भाग खर्च होईल. आपल्याकडे ते साठ वेळा घडते. साठ गुणिले १०० नॅनोसेकंद म्हणजे ६ मायक्रोसेकंद. साठ केंद्रांची मिळून होणारी आपली चार मिनिटे या हिशेबात कुठेच बसत नाहीत. वेळाच्या तक्रारीत असा गुणाकार कागदावर मांडून पाहणे अत्यंत उपयुक्त ठरते, कारण ज्याच्यावर आरोप आहे तो तेवढा खर्च करूच शकत नाही, हे त्यातून लगेच कळते.

मग वेळ खाते कोण? त्या डेफवर बसलेला डेकोरेटर. नंबा आपल्या फंक्शनचे थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करते, आणि ते एलएलव्हीएम या कंपायलर संचाच्या मदतीने करते. हे रूपांतर डेकोरेटर लावताक्षणी होत नाही; फंक्शनला पहिली हाक मारली जाते तेव्हा, आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारची आहेत ते पाहून होते. त्याला सेकंदाच्या काही दशांशांपासून काही सेकंदांपर्यंत वेळ लागतो. तयार झालेला कोड नंबा जपून ठेवते, आणि त्याच प्रकारची आर्ग्युमेंट पुन्हा आली की तोच वापरते. प्रश्न आहे तो जपून ठेवण्याच्या जागेचा. एनजिट लावल्यावर आपल्या हाती जे येते ते साधे फंक्शन नसून डिस्पॅचर नावाची वस्तू असते, आणि तयार कोड त्या वस्तूच्या आत राहतो. आपले बाहेरचे फंक्शन दर केंद्राला नवे डेफ चालवते, त्यावर नवा डेकोरेटर लागतो, नवा डिस्पॅचर तयार होतो आणि तो रिकामा असतो. मागच्या केंद्रासाठी एवढ्या कष्टाने तयार झालेला कोड मागच्या डिस्पॅचरबरोबर टाकून दिला जातो. प्रत्येक भाकरीसाठी नवी चूल मांडावी, तसे हे आहे. नवा संगणक घेऊनही फरक का पडला नाही, याचेही उत्तर यातच आहे : वेगवान संगणकाने कंपाइल करणे थोडे लवकर उरकले असेल, पण ते साठ वेळा करायचे टळले नाही.

हे माझे अनुमान आहे आणि आपल्या संगणकावर त्याची खातरजमा झाल्याशिवाय आपण ते स्वीकारू नये. त्यासाठी एकाच केंद्राच्या कामात आतल्या फंक्शनला लागोपाठ दोन वेळा हाक मारा आणि टाइम मॉड्यूलमधील पर्फ काउंटरने दोन्ही वेळा वेगवेगळ्या मोजा. पहिलीला सेकंदांत वेळ लागला आणि दुसरी मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून लवकर संपली, तर कंपाइल होण्याचाच खर्च आहे हे जवळजवळ सिद्ध झाले. डिस्पॅचरच्या सिग्नेचर्स या गुणधर्मात आतापर्यंत कोणकोणत्या प्रकारांसाठी कोड तयार झाला आहे, त्याची यादी मिळते. प्रत्येक केंद्राच्या सुरुवातीला, हाक मारण्याआधी, ती यादी छापून पाहा. दुसऱ्या केंद्रालाही ती रिकामीच दिसली, तर डिस्पॅचर नवा आहे. काही जण यासाठी वस्तूचा आयडी छापून पाहतात. त्यावर विसंबू नये, कारण जुनी वस्तू नष्ट झाल्यावर मोकळी झालेली स्मृतीतील जागा नव्या वस्तूला मिळू शकते आणि तोच आयडी पुन्हा दिसून फंक्शन तेच आहे असा भास होतो.

तिसरा पुरावा सीप्रोफाइलचा, म्हणजे कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला ते नोंदवणाऱ्या पायथनच्या साधनाचा. एकत्रित वेळेप्रमाणे क्रम लावून अहवाल काढला की वरच्या ओळींमध्ये आपल्या फाइलचे नाव क्वचित आणि नंबाच्या अंतर्गत फाइलींची नावे रांगेने दिसतील. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या. सीप्रोफाइल फंक्शन्स ओळखते ती फाइल, ओळक्रमांक आणि नाव यांवरून. त्यामुळे एकाच डेफमधून घडलेली साठही फंक्शन्स अहवालात एकाच ओळीत एकवटतात. ‘एकच फंक्शन आहे, साठ वेळा हाक मारली आहे’ असे त्या ओळीवरून वाटते आणि खरी गोष्ट झाकली जाते. अहवाल खोटा नसतो. आपण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देतो, न विचारलेल्याचे देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. आतले फंक्शन बाहेर काढून फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा आणि जलधारण क्षमता त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्या. यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. बाहेरून आपोआप मिळणारे व्हेरिएबल नंबा कंपाइल करतानाच कायमचे गोठवते. नंतर ते बदलले तरी तयार कोडला त्याचा पत्ता नसतो. म्हणून फंक्शन नुसते बाहेर हलवून क्षमता ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलीत, तर प्रोग्राम झटपट चालेल आणि साठही केंद्रांना पहिल्या केंद्राच्या मातीची क्षमता लावून चुकीची उत्तरे देईल. संथ आणि बरोबर प्रोग्रामपेक्षा वेगवान आणि चुकीचा प्रोग्राम फार घातक असतो, विशेषतः त्यावरून शेतीचा सल्ला दिला जाणार असेल तेव्हा.

बाहेर काढल्यावरही एखाद्या केंद्राला अचानक सेकंद-दोन सेकंद लागले, तर आर्ग्युमेंटचे प्रकार पाहा. एका फाइलमधून पाऊस पूर्णांकांत आला आणि दुसरीतून दशांशांत, तर नंबाच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि तिला दोनदा कंपाइल करावे लागते. मोठ्या सारणीतून एकच स्तंभ उचलून दिलेला ॲरे आणि सलग साठवलेला ॲरे यांतही ती फरक करते. वाचून झाल्याबरोबर सगळे आकडे ६४ बिटांच्या दशांश प्रकारात, सलग ॲरेमध्ये आणले की हा उपद्रव थांबतो. शिवाय डेकोरेटरला कॅश हा पर्याय चालू करून दिला तर तयार कोड डिस्कवरही साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम नव्याने सुरू करताना तो पहिला खर्चही वाचतो.

आतली सगळी फंक्शन्स आता सरसकट बाहेर काढावीत, असा अर्थ मात्र यातून कृपया घेऊ नका. डेकोरेटर नसलेले, चार ओळींचे, एकाच ठिकाणी उपयोगी पडणारे फंक्शन आत असेल तर वाचणाऱ्याला ते सोयीचे असते आणि त्याचा खर्च नगण्य असतो. डेफ दिसले की घाबरू नका. त्या डेफला काय लटकवले आहे ते पाहा. कंपायलर लटकवला असेल, साठा लटकवला असेल, किंवा आर्ग्युमेंटच्या ठरावीक किमतीत एखादी मोठी फाइल वाचण्याची हाक लिहिली असेल, तर ते सगळे दर वेळी नव्याने घडते. ठरावीक किमतीची ती हाक फंक्शन चालताना नव्हे, घडताना चालते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : मी मराठीची विद्यार्थिनी असून छंदःशास्त्रासाठी छोटे प्रोग्राम लिहिते. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरून, ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल हे मला मोजायचे आहे. एका ओळीचे उत्तर आधीच्या दोन ओळींच्या उत्तरांची बेरीज असल्याने फंक्शन स्वतःलाच हाक मारते. एलआरयू कॅश (एकदा काढलेली उत्तरे जपून ठेवणारा डेकोरेटर) लावला की वेग वाढतो असे वाचून, मोजणारे फंक्शन आत लिहून त्यावर तो लावला; ते आतले फंक्शन बाहेरच्या फंक्शनला पुन्हा हाक मारते. दहा मात्रांना उत्तर लगेच येते, पण तीस मात्रांना बराच वेळ थांबावे लागते. कॅश असूनही असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण निवडलेले उदाहरण या विषयाला किती योग्य आहे, हे आधी सांगितले पाहिजे. लघु-गुरूंच्या मांडणीची ही मोजणी जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात दिली आहे आणि त्याच्याही आधी छंदःशास्त्रकार विरहांकाच्या ग्रंथात ती येते. याच संख्या आज ज्याच्या नावाने ओळखल्या जातात त्या इटालियन गणिती फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ सालचा आहे. तीस मात्रांच्या ओळीचे एकूण १३,४६,२६९ प्रकार होतात.

आता आपला प्रोग्राम. बाहेरच्या फंक्शनला हाक मारली की आतले फंक्शन नव्याने घडते आणि त्याच्याबरोबर एक नवा, रिकामा कॅश घडतो. त्यात एक उत्तर जमा होते. पण पुढची पायरी पुन्हा बाहेरच्या फंक्शनमधून जाते, तिथे आणखी एक आतले फंक्शन घडते आणि त्याचा कॅशही रिकामाच असतो. जमा झालेले उत्तर वाचायला कोणी परत येतच नाही. पहिला प्रश्न होता तिथे नवे घडण्याबरोबर कंपाइल केलेला कोड जात होता, इथे आठवण जाते.

खातरजमा करायला एलआरयू कॅश स्वतःच मदत करतो. त्याने गुंडाळलेल्या फंक्शनवर कॅश इन्फो हे फंक्शन असते आणि ते हिट्स (कॅशमध्ये उत्तर सापडले) किती, मिसेस (सापडले नाही) किती हे सांगते. आपल्या आतल्या फंक्शनपाशी ते परत फिरण्याआधी छापलेत तर दर वेळी हिट्स शून्य आणि मिसेस एक असे दिसेल. सीप्रोफाइलच्या अहवालात हाकांच्या स्तंभात २६९२५३७/१ असा जोडआकडा येईल. तिरप्या रेघेनंतरचा एक म्हणजे आपण बाहेरून मारलेली हाक. रेघेआधीचे सुमारे सत्तावीस लाख म्हणजे फंक्शनने स्वतःच, फिरून फिरून, मारलेल्या हाका. कॅश मुळीच नसता तर हाका अगदी इतक्याच झाल्या असत्या, म्हणजे कॅशचा उपयोग शून्य झाला. उलट प्रत्येक हाकेला नवे फंक्शन आणि नवा कॅश घडवण्याचा खर्च वर पडला, त्यामुळे आपला प्रोग्राम कॅश नसलेल्या साध्या प्रोग्रामहूनही मंद झाला आहे.

कॅश लावलेले एकच फंक्शन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा आणि त्याने स्वतःच्याच नावाने स्वतःला हाक मारू द्या. तीस मात्रांसाठी मग ३१ मिसेस आणि २८ हिट्स एवढाच हिशेब उरतो, आणि पुढच्या ओळीला तीच उत्तरे आयती मिळतात.

कॅश आत ठेवणेच योग्य असते अशीही वेळ येते. समजा, काही विशिष्ट ठिकाणी गुरू चालत नाही असा नियम प्रत्येक वृत्तासाठी वेगळा दिला, तर उत्तर केवळ मात्रासंख्येवर अवलंबून राहत नाही, नियमांवरही राहते. तिथे कॅश वर ठेवला तर एका वृत्ताचे उत्तर दुसऱ्याला दिले जाईल. अशा वेळी बाहेरचे फंक्शन वृत्तागणिक एकदा आणि आतले फंक्शन स्वतःलाच हाक मारणारे, अशी रचना ठेवावी. स्वतःकडे बोट दाखवणारे असे आतले फंक्शन काम संपताच स्मृतीतून जात नाही. ते स्वतःशीच गुंतलेले असल्याने पायथनचा कचरा गोळा करणारा फेरा येईपर्यंत राहते, आणि त्याच्याबरोबर त्याचा भरलेला कॅशही राहतो. हजारो वृत्तांवर प्रोग्राम चालवताना स्मृती चढत-उतरत राहिली तर त्याचे कारण हे असू शकते.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक पान तयार केले आहे. पुस्तकाच्या नोंदीवर क्लिक केले की एक खिडकी उघडते; एस्केपची कळ दाबून ती बंद व्हावी, म्हणून खिडकी उघडताना मी डॉक्युमेंटवर, म्हणजे संपूर्ण पानावर, कळ ऐकणारा लिसनर जोडते. सकाळी पान उत्तम चालते, दुपारपर्यंत शोधचौकटीत टाइप करतानाही अक्षरे मागे पडतात. पान रिफ्रेश केले की पुन्हा ठीक. सर्व्हरकडे काहीच बिघाड नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिफ्रेश केल्यावर ठीक होते, याचा अर्थ पानाच्या आयुष्यात काहीतरी साचत जाते. आपण लिसनर म्हणून तिथल्या तिथे लिहिलेले निनावी फंक्शन देता. एकच फंक्शन एकाच घटनेसाठी पुन्हा जोडले तर ब्राउझर दुसरी नोंद घेत नाही, परंतु हा निर्णय तो मजकूर पाहून करत नाही, तेच फंक्शन आहे का ते पाहून करतो. अक्षर न् अक्षर सारखे असले तरी दर वेळी घडलेले निनावी फंक्शन त्याच्या लेखी नवे असते. दिवसभरात दोनशे खिडक्या उघडल्या तर डॉक्युमेंटवर दोनशे लिसनर बसतात आणि एक कळ दाबली की दोनशेही धावतात. त्यांतील प्रत्येक आपापल्या, केव्हाच बंद झालेल्या खिडकीला धरून ठेवतो, त्यामुळे स्मृतीही भरत जाते. लिसनर खिडकीवरच जोडला असता तर खिडकी पानातून काढून टाकल्यावर तोही गेला असता. डॉक्युमेंट मात्र पान उघडे असेपर्यंत राहते.

क्रोममध्ये विकसकांच्या साधनांतील परफॉर्मन्स मॉनिटर उघडून ठेवा. त्यात जावास्क्रिप्ट लिसनरांची संख्या सतत दिसते. खिडकी उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. बंद केल्यावर आकडा खाली येत नसेल आणि दर फेरीला चढतच असेल, तर निदान पक्के झाले. कन्सोलमध्ये गेट इव्हेंट लिसनर्स या आज्ञेला डॉक्युमेंट दिले तर कळ ऐकणाऱ्यांची यादीच समोर येते.

लिसनर काढण्याची ओळ आपण कदाचित आधीच लिहिली असेल आणि ती चालत नसेल. तिथेही निनावी फंक्शन नव्याने लिहिलेले असेल, तर जोडलेले वेगळे आणि काढायला सांगितलेले वेगळे, असे होते, आणि ब्राउझर कुठलीही चूक न दाखवता गप्प राहतो. माझा सल्ला असा : नाव असलेले एकच फंक्शन खिडकीच्या कोडबाहेर एकदा लिहा, पान उघडताना डॉक्युमेंटवर एकदाच जोडा, आणि खिडकी उघडी आहे का हे त्या फंक्शनलाच तपासू द्या. मग जोडण्या-काढण्याचा व्यवहारच उरत नाही. खिडकीगणिक वेगळा लिसनर हवाच असेल तर जोडताना ॲबॉर्ट कंट्रोलरचा सिग्नल द्यावा आणि खिडकी बंद करताना तो रद्द करावा. त्याच्याशी बांधलेले सारे लिसनर एकदम जातात. फंक्शन पुन्हा घडवण्याचा खर्च इथेही नगण्यच होता, जुने न जाणे हा खरा दोष होता.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या व्याजाची सूत्रे बदलत राहतात, म्हणून ती मजकूर म्हणून एका फाइलमध्ये ठेवली आहेत. प्रत्येक खात्यासाठी पायथनचे इव्हॅल, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारे फंक्शन, वापरून सूत्र चालवतो. दोन लाख खात्यांना फार वेळ लागतो. सूत्र तर दोन ओळींचेही नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : फंक्शनच्या व्याख्येचा खर्च नगण्य असतो असे वर म्हटले, कारण मजकुराचे बाइटकोड करण्याचे काम आधीच झालेले असते. आपल्याकडे नेमके तेच काम दर खात्याला होते. इव्हॅलला मजकूर दिला की पायथन तो वाचते, त्याचे व्याकरण लावते, बाइटकोड करते, तो चालवते आणि टाकून देते. छोट्या सूत्राच्या बाबतीत वाचण्या-लावण्याचा खर्च प्रत्यक्ष बेरीज-गुणाकाराच्या कित्येक पट असतो. सीप्रोफाइलमध्ये हे स्वच्छ दिसते : इव्हॅलच्या ओळीतील स्वतःचा वेळ म्हणजे बाइटकोड करण्याचा वेळ, आणि स्ट्रिंग असे नाव असलेल्या ओळीतील वेळ म्हणजे सूत्र चालण्याचा. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान निघेल.

प्रत्येक सूत्राचे कंपाइल या फंक्शनने एकदाच बाइटकोड करून घ्या, सूत्राच्या मजकुराला तो बाइटकोड अशी डिक्शनरी ठेवा, आणि खात्यागणिक फक्त मुद्दल, दर व मुदत बदलून तो चालवा. सूत्राच्या आधी लॅम्डा जोडून, एकदाच इव्हॅल करून, हाती आलेले फंक्शन वापरलेत तरी परिणाम तोच. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या बाबतीत ही काळजी पायथन बरीचशी स्वतःच घेते, कारण आरई मॉड्यूल अलीकडचे ५१२ नमुने तयार स्वरूपात जपून ठेवते. इव्हॅलला असा साठा नाही.

आणि एक गोष्ट वेगापेक्षाही महत्त्वाची आहे. ती फाइल बदलण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला, सूत्राच्या जागी काहीही लिहून, आपल्या सर्व्हरवर ते चालवता येते. इव्हॅलमधून बिल्टइन फंक्शन्स काढून टाकली तरी ते पुरेसे सुरक्षित होत नाही. कोडचे व्याकरण उलगडणाऱ्या एएसटी मॉड्यूलमधील लिटरल इव्हॅल त्या मानाने सुरक्षित आहे, पण ते केवळ आकडे, यादी असे तयार मजकूर ओळखते. आपली सूत्रे ते चालवणार नाही. खातेदारांचे पैसे गुंतलेले असल्याने, सूत्राचे व्याकरण आधी एएसटी मॉड्यूलने तपासावे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, घात, आकडे आणि आपण ठरवलेली नावे एवढेच त्यात असेल तरच ते कंपाइल करावे, आणि घातांकावर मर्यादा घालावी, नाहीतर एकाच सूत्राने प्रोग्राम अडकून पडेल. सूत्र एकदाच कंपाइल होणार असल्याने ही तपासणीही एकदाच होईल आणि दोन लाख खात्यांच्या वेळेवर तिचा भार पडणार नाही.